आजोबांच्या दाव्याची पोर्तुगीज फाईल कशी वाचावी

गोव्यात वाटणी निघाली, भाट (माडांची बाग) विकायला काढले किंवा शेजाऱ्याने वंय (कुंपण) दोन हात पुढे सरकवली, की माळ्यावरची ट्रंक खाली येते. तिच्यात दोऱ्याने शिवलेल्या, कडा झिजलेल्या कागदांची चळत निघते आणि घरातले वडीलधारे कोणीतरी सांगते, ‘ही केस आपण जिंकली होती.’ ते वाचू शकणारे मात्र घरात कोणी उरलेले नसते. मग फाईल वकिलाकडे जाते, वकील ती भाषांतरकाराकडे पाठवतो, भाषांतरकार पानागणिक पैसे घेतो आणि सगळी फाईल भाषांतरित होऊन आल्यावर कळते की कामाची पाने मोजकीच होती.

ती मोजकी पाने स्वतः शोधता येतात. त्यासाठी अस्खलित पोर्तुगीज लागत नाही. कागद कुठल्या क्रमाने तयार होत, कोण कोणाला उत्तर देई आणि ठरावीक शब्द कुठे येतात एवढे कळले तरी पुरते. इथे मी दोन जमीनमालकांमधले दिवाणी दावे धरले आहेत, साधारण १८७० पासून १९६१ पर्यंतचे. हा कायदेशीर सल्ला नव्हे. वकिलाकडे जाण्याआधीची तयारी आहे.

कागद उघडण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. दाव्यात लिहिलेले म्हणजे पुरावा नव्हे. आपल्या आजोबांनी ‘हे भाट माझे’ असे चाळीस कलमांत लिहिले असले, तरी स्वतःच्या बाजूने लिहिलेल्या गोष्टीला आजच्या कोर्टात फारसे वजन नसते. उलट समोरच्याच्या आजोबांनी स्वतःच्या विरुद्ध जाईल असे जे लिहून दिले, ते मोलाचे. पूर्वीच्या हक्कदाराने दिलेली कबुली त्याच्याकडून हक्क मिळालेल्या वारसाविरुद्ध वापरता येते, हे भारतातल्या पुराव्याच्या कायद्यातले जुने तत्त्व आहे. म्हणून बहुतेक लोक करतात त्याच्या उलटे करा. आपल्या माणसाचा दावा अभिमानाने वाचत बसू नका; समोरच्याचा जबाब भिंग घेऊन वाचा. आणि हे दुधारी असते, हेही विसरू नका. समोरचा वकील आपल्या आजोबांचे कागद याच नजरेने वाचणार आहे.

आधी साल पाहा

फाईलवरचे साल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण सालावरून कागदांची घडण ठरते. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू झाली. मालकी, ताबा, वहिवाट, वाटेचा हक्क, नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता यांबद्दलचे सगळे वाद तिच्यातल्या कलमांवर लढले जात. हिंदूंच्या बाबतीत १८८० ची रूढी-रिवाजांची संहिताही कधी कधी मध्ये येते. कोर्टाच्या कामकाजाचे नियम १८७६ च्या प्रक्रिया संहितेत होते, नंतर १९३९ च्या. मुक्तीनंतरही काही वर्षे पोर्तुगीज प्रक्रियाच चालू होती. भारतीय दिवाणी प्रक्रिया संहिता इथे १९६६ च्या जूनमध्ये आली. त्यामुळे १९५८-५९ च्या सुमाराचा दावा पोर्तुगीजमध्ये सुरू होऊन इंग्रजीत संपलेला दिसला तर गोंधळू नका.

कोर्टांची उतरंडही ध्यानात ठेवा. पहिले कोर्ट कोमार्कचे, म्हणजे न्यायिक जिल्ह्याचे. त्यावर अपील ‘रेलासांव’मध्ये, म्हणजे १५४४ साली स्थापन झालेल्या गोव्याच्या उच्च न्यायालयात. त्याच्याही वर लिस्बनचे सर्वोच्च न्यायालय. मुक्तीनंतर न्यायिक आयुक्तांचे कोर्ट आले आणि १९८२ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे गोवा खंडपीठ. घरात जपून ठेवलेला निकाल बहुधा कोमार्कचा असतो. जिंकलेला निकाल लोक ट्रंकेत ठेवतात, पुढे अपिलात हरल्याचा कागद कोणी ठेवत नाही. ‘केस जिंकली होती’ या वाक्यावर म्हणूनच लगेच विश्वास टाकू नये.

फाईल हाताळणे आणि पाने लावणे

शिवण उसवू नका. प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कोर्टाच्या फाईलमध्ये पानाला नव्हे, पत्राला (दोन्ही बाजू मिळून एका कागदाला) क्रमांक असतो. पुढची बाजू म्हणजे ‘फोल्या २३’, मागची ‘२३ व्हेर्सु’. लिहिताना नुसते ‘व्ही’ अक्षर घातलेले असते. फोटोंना हेच क्रमांक द्या. निकालात न्यायाधीश ‘फोल्या ४१ व्हेर्सुवरील कबुली’ असे लिहितात तेव्हा ते पान पटकन सापडले पाहिजे. क्रमांक मध्येच तुटला असेल तर तिथे काय असायला हवे होते याची नोंद करा. कधी कधी नेमके तेच पान हवे असते.

आता पानांचे दोन ढीग करा, अर्थात फोटोंचे. एका ढिगात कारकुनी शेरे. ‘कोंक्लुझुस’ दिसले की फाईल न्यायाधीशाकडे गेली, ‘व्हिश्त’ म्हणजे वकिलाला पाहायला दिली, ‘जुंतादा’ म्हणजे कागद जोडला. एश्क्रिव्हांवच्या, म्हणजे कोर्टाच्या कारकुनाच्या, घाईच्या अक्षरातले हे शेरे वाचायला सर्वांत कठीण आणि बहुतांशी बिनकामाचे. त्यांतल्या तारखा तेवढ्या टिपून घ्या. दुसऱ्या ढिगात पक्षकारांची निवेदने. ती ओळखायला सोपी असतात: मुद्रांकित कागद, वर न्यायाधीशाला उद्देशून मायना, मग क्रमांक घातलेली छोटी छोटी कलमे आणि शेवटी वकिलाची सही. त्यांचा क्रम ठरलेला असतो:

‘पेतिसांव’, वादीचा दावा.
‘कोंतेश्तासांव’, प्रतिवादीचा जबाब.
‘रेप्लिका’, वादीचे प्रत्युत्तर.
‘त्रेप्लिका’, प्रतिवादीचे शेवटचे उत्तर.

लहान किमतीच्या दाव्यांत शेवटचे एक-दोन टप्पे नसतात. जुन्या कागदांत पहिल्या दोघांना ‘लिबेलु’ आणि ‘कोंत्रारियेदाद’ अशीही नावे आढळतात, आणि प्रत्येक कलम ‘प्रोव्हारा कि’ने सुरू होते. त्याचा अर्थ ‘हे सिद्ध करीन की’. बऱ्याचदा नुसते ‘पी’ अक्षर आणि पुढे मजकूर. ही शैली जुनी आहे. एका अर्थी ती प्रामाणिकच म्हणायची; सिद्ध करीन म्हणतो, सिद्ध झाले म्हणत नाही.

घरात फाईलऐवजी नुसता एकच शिक्क्याचा कागद असेल तर ती बहुधा ‘सेर्तिदांव’, म्हणजे प्रमाणित नक्कल. ती संपूर्ण मजकुराची आहे की सारांशाची, हे पहिल्या काही ओळींत लिहिलेले असते. सारांशाच्या नकलेवर विसंबू नका. मूळ फाईलचा माग काढायचा तर कोमार्कच्या वारसदार जिल्हा न्यायालयाची अभिलेख खोली आणि पणजीचे पुराभिलेख खाते ही दोन ठिकाणे. तिसरी वाट जमीन नोंदणीच्या पुस्तकांतून जाते, कारण स्थावरावरचे दावे १८६७ च्या संहितेनुसार नोंदवायचे असत. जमिनीच्या नोंदीखाली दाव्याचा उल्लेख सापडला की कोर्ट आणि काळ दोन्ही हाती येतात. जमीन ज्या तालुक्यात आहे तिथल्याच कचेरीत जुनी पुस्तके असतील असे मात्र धरू नका. कोमार्कच्या हद्दी आजच्या तालुक्यांप्रमाणे नव्हत्या.

पक्षकार कोण

पहिल्या पानावर ‘ए’ म्हणजे आवतोर, वादी. ‘आर’ म्हणजे रेव, प्रतिवादी. अक्षर दोनदा आले की अनेकजण. नावापाठोपाठ बापाचे नाव, लग्न झाले आहे की नाही, व्यवसाय आणि गाव येते. व्यवसायाच्या जागी ‘प्रोप्रियेतारियु’ असले की जमीनमालक.

नावाला जोडून ‘आणि त्यांची पत्नी’ आहे का, ते आवर्जून पाहा. सामाईक मालमत्तेच्या पद्धतीत स्थावरात बायकोचा अर्धा हिस्सा असतो, म्हणून जमिनीच्या दाव्यात ती पक्षकार असायला हवी. नसेल तर जबाबाच्या सुरुवातीलाच त्यावर हरकत घेतलेली आढळेल, आणि आज त्या निकालाचे बंधन तिच्या वारसांवर आहे की नाही हा प्रश्न उभा राहील.

नावांच्या स्पेलिंगचा घोळ सर्वांना छळतो. पोर्तुगीज कारकून ‘श’साठी ‘एक्स’ लिहीत, ‘क’साठी कधी ‘सी’ कधी ‘क्यू-यू’. त्यामुळे गणेश, शंकर, केणी ही नावे पहिल्या नजरेत ओळखताच येत नाहीत. प्रभूचा पोरोब होतो, कामतचा कामोतीं, शेणैचा सिनाय. एकाच फाईलमध्ये एकाच माणसाचे नाव दोन-तीन तऱ्हांनी आलेले असते. तोंडाने मोठ्याने वाचा, कान डोळ्यांपेक्षा लवकर ओळखतो. मग वंशावळ बाजूला ठेवून प्रत्येक नावापुढे आजच्या कुटुंबातली व्यक्ती लिहा. एकाच घरात आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची आपली चाल इथे नडते. बापाचे नाव जुळल्याशिवाय माणूस जुळला असे म्हणू नका.

दावा वाचताना

दाव्याचे तीन भाग करा: जमिनीचे वर्णन, घडलेली हकिकत आणि शेवटची मागणी. मागणीपासून सुरुवात करा. मालकी जाहीर करून जमीन परत मागितली आहे, की नुसता ताबा सांभाळून मागितला आहे, की हद्द आखून मागितली आहे? या तिन्हींचे परिणाम अगदी वेगळे. हद्द आखून घेण्याच्या दाव्यातल्या निकालाला मालकीचा निकाल समजून पिढ्यान्‌पिढ्या निश्चिंत राहिलेली घराणी आपल्याकडे कमी नाहीत.

वर्णनात जमिनीचे नाव, प्रकार आणि चतुःसीमा येतात. ‘पाल्मार’ म्हणजे माडांचे भाट, ‘व्हार्झ’ म्हणजे भातशेत, ‘औतेयरु’ म्हणजे डोंगराळ भाग. खाजन, मोरड, कुळागर हे आपले शब्द रोमी अक्षरांत तसेच असतात. उत्तर ‘नोर्त’, दक्षिण ‘सुल’, पूर्व ‘नासेंत’, पश्चिम ‘पोएंत’. मग दोन क्रमांक: एक जमीन नोंदणीचा, दुसरा ‘मात्रिज’चा. नोंदणीतही पुन्हा दोन गोष्टी असतात. ‘देश्क्रिसांव’ जमिनीचे वर्णन सांगते, ‘इन्श्क्रिसांव’ ती कोणाच्या नावे आणि कशाच्या आधारे हे सांगते. मात्रिज हे करवसुलीचे पुस्तक. तिथे नाव होते म्हणजे कर भरत होता, एवढेच. मालकीचा निर्णय मात्रिजवरून करणारे नातेवाईक भेटतील. त्यांच्याशी वाद न घालता नोंदणीचे पुस्तक काढा.

क्षेत्रफळ जुन्या कागदांत नसतेच किंवा ब्रास, पाल्म अशा मापांत असते. भातशेताचे मोल खंडी-कुडवाच्या पिकावर आणि भाटाचे माडांच्या संख्येवर सांगितलेले असते. माडांचा आकडा हलका समजू नका. दावा आणि जबाब यांत तो वेगळा आला तर वादातली पट्टी नेमकी कुठली ते त्या फरकावरून कळते.

हकिकतीत एक वाक्य जवळजवळ हमखास येते: ‘तीस वर्षांहून अधिक काळ, शांतपणे, उघडपणे, अखंड’ ताबा आहे. हे वाचून हुरळू नका. संहितेत तीस वर्षांच्या वहिवाटीने, कागद नसला तरी, मालकी मिळण्याची तरतूद होती, म्हणून प्रत्येक वकील हे वाक्य लिहीतच असे. त्या वाक्याच्या आगेमागे माडांचे नारळ कोणी पाडले, कोणी गडगा बांधला, खंड कोणाला दिला असे काही ठोस आहे का ते बघा. नसेल तर पुढे चला.

‘मालक’ शब्दाचीही खात्री करून घ्या. ‘आफोरामेंतु’ने, म्हणजे कायमच्या पट्ट्याने, दिलेल्या जमिनीत मूळ मालक फोर (वार्षिक भाडे) घेतो आणि कसणारा-वापरणाराही कायद्याने एक प्रकारचा मालकच असतो. कोमुनिदादीच्या (गावकरी संस्थेच्या) आणि मोठ्या भाटकारांच्या पुष्कळ जमिनी अशा. दोघांनी आपापल्या निवेदनात ‘मी मालक’ म्हटले आणि दोघेही खरे बोलत आहेत, असे अशा दाव्यात होऊ शकते.

जबाब समोरासमोर ठेवून

माझ्या मते सगळी मेहनत इथे घालावी. एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखा: वादीचे कलम, त्याला प्रतिवादीचे उत्तर, आणि काय उरले. नमुन्यादाखल एक काल्पनिक वाद घेऊ. बार्देशातली दोन भाटे, मध्ये पावसाच्या पाण्याचा व्हाळ, आणि व्हाळालगतच्या माडांवरून भांडण.

वादी लिहितो. कलम ४: माझ्या भाटाची पश्चिमेची हद्द म्हणजे व्हाळ. कलम ५: व्हाळाच्या पूर्वकाठचे सात माड माझे वडील आणि त्यांच्यामागून मी पाडेल्याकडून (नारळ काढणाऱ्याकडून) पाडून घेत आलो. कलम ६: हे तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. कलम ७: गेल्या मे महिन्यात प्रतिवादीने व्हाळ बुजवून वंय पुढे आणली.

प्रतिवादी उत्तर देतो. कलम ४ खोटे. हद्द व्हाळ नव्हे, त्याच्या पूर्वेचा दगडी गडगा. कलम ५ बद्दल: माड सात नव्हेत, पाच, आणि ते वादीचा बाप पाडत होता तो माझ्या आजीच्या परवानगीने, कारण तेव्हा आमचे भाट त्याच्याकडे खंडाने होते. कलम ७ बद्दल: वंय नवी नाही, जुनीच दुरुस्त केली, व्हाळ गाळाने आधीच भरला होता.

वरवर पाहता प्रतिवादीने सगळे नाकारले. आता तिसरा रकाना भरा. वादीचा बाप निदान पाच माड पाडत होता, हे मान्य झाले. भांडण उरले ते कोणत्या नात्याने पाडत होता एवढ्यावर. व्हाळ अस्तित्वात होता, हेही मान्य. नसता तर गाळाने भरला कसा? गडग्याचा उल्लेख प्रतिवादीने स्वतः केला, म्हणजे तो गडगा आज जागेवर सापडला तर त्याच्या पलीकडचे त्याच्या वारसांना मागता येणार नाही. आणि कलम ६ ला उत्तरच नाही.

हे शेवटचे सर्वांत कामाचे. १९३९ च्या संहितेखालच्या दाव्यांत नियम असा की जी गोष्ट नेमकेपणाने नाकारली नाही ती मान्य धरली जाते. म्हणून कलमांचे क्रमांक लावत जा आणि कोणत्या कलमाला उत्तर नाही ते लाल शाईने लिहा. इथे प्रतिवादीचा वकील सुटण्याची वाट मात्र ठेवतो. जबाबाचा सूर पूर्ण विरोधाचा असेल तर गप्प बसलेले कलम नाकारल्यातच जमा होते असे तो म्हणेल, आणि कोर्ट कधी ते ऐकतेही. तुमच्या वहीत ‘उत्तर नाही’ एवढेच लिहा. ‘कबूल’ लिहू नका.

आणखी एक सापळा. ‘आइंद कि’, ‘मेझ्मु कि’ अशा शब्दांनी सुरू होणारी वाक्ये म्हणजे ‘क्षणभर तसे धरले तरी’. ही कबुली नव्हे, वकिली पवित्रा आहे. घाईच्या भाषांतरात ‘तरी’ गळून पडतो आणि कबुली झाल्याचा भास होतो. असे वाक्य दिसले की मूळ पोर्तुगीज दुसऱ्या जाणकाराला दाखवा.

जबाबाच्या सुरुवातीला बऱ्याचदा जमिनीबद्दल अक्षरही नसते. हे कोर्ट चुकीचे, पक्षकार अपुरे, हाच वाद पूर्वी निकाली निघाला आहे, अशा हरकती असतात. त्यांतली शेवटची असेल तर थांबा. तिच्यात जुन्या दाव्याचा क्रमांक किंवा साल दिलेले असते, आणि तो दावा शोधल्याशिवाय ही फाईल अर्धीच. जबाबाच्या शेवटी ‘रेकोंव्हेंसांव’ असा मथळा दिसला तर प्रतिवादीनेही उलट मागणी केली आहे. मग त्याच्या त्या भागाला दावा समजून वादीच्या प्रत्युत्तराशी वेगळा तक्ता करा.

भाषेच्या आदबीने फसू नका. त्या काळचे वकील समोरच्या वकिलाला ‘विद्वान सहकारी’ म्हणून नंतरच्या ओळीत त्याला खोटारडा ठरवत. अशा पल्लेदार उताऱ्यांत पुराव्याचे काही नसते. मजा म्हणून वाचायला हरकत नाही.

रेप्लिका चुकवू नका

प्रत्युत्तराचे कागद लांबलचक, कंटाळवाणे आणि बरेचसे पुनरुक्तीचे असतात, म्हणून वाचणारे ते टाळतात. पण कोंडीत सापडलेला माणूस तिथेच बोलून जातो. वरच्या उदाहरणात वादी रेप्लिकात म्हणतो, ‘खंड होता हे खरे, पण तो दुसऱ्या भाटाचा.’ झाले! दाव्यात ज्याचा मागमूस नव्हता तो खंडाचा संबंध वादीनेच कबूल केला. आता सगळा प्रश्न कोणते भाट, यावर येऊन ठेपला आणि त्याचे उत्तर खंडाच्या पावत्यांत किंवा नोटरीच्या पुस्तकात मिळेल.

मागणीही रेप्लिकात बदललेली किंवा वाढवलेली असू शकते. त्रेप्लिका असेल तर फक्त रेप्लिकातल्या नव्या गोष्टींना काय उत्तर दिले तेवढे पाहा.

जोडलेले कागद, आणि मोडी

निवेदनांत ‘दोकुमेंतु क्रमांक १’ असे उल्लेख येतात. खरेदीखत, इन्व्हेंतारमधील (वारसांत वाटणी करण्याच्या कोर्टाच्या कामातील) वाटणीची यादी, नोंदणीचा उतारा असे कागद मागे शिवलेले असतात. वाटणीच्या यादीत प्रत्येक जमिनीला बाबीचा क्रमांक असतो आणि ती कोणत्या वारसाकडे गेली ते पुढे लिहिलेले असते. दाव्यातली जमीन त्या वारसाच्या वाट्याला खरेच आली होती का, हे ताडून घ्या.

नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण इकडच्या दाव्यांत आणखी एक खजिना असतो. देसाई, इनामदार, मोकासदार, देवस्थाने यांचे हक्क बऱ्याचदा मराठीतल्या मोडी कागदांवर उभे होते. कोर्टासाठी त्यांचे पोर्तुगीज भाषांतर होई आणि वकील वाद घालत तो त्या भाषांतरावर. मूळ मोडी कागद फाईलमध्ये असेल तर आपण मराठी वाचणारे तिथे फायद्यात आहोत. मोडीचा जाणकार गाठून जमिनीची नावे, हद्दीचे शब्द आणि ‘वंशपरंपरेने’, ‘चाकरीबद्दल’ यांसारख्या अटी भाषांतराशी ताडून पाहा. चाकरीबद्दल दिलेली जमीन आणि कायमची दिलेली जमीन यांतला फरक भाषांतरात पुसला गेला असेल, तर दोन्ही वकिलांची सगळी निवेदने त्या चुकीवर उभी असतात.

एक पक्ष कोमुनिदाद असेल तर तिची सभेच्या ठरावांची पुस्तके वेगळी पाहावी लागतात. तिचा वकील १५२६ च्या आफोंसो मेशियाच्या फोरालपासून (सनदेपासून) सुरुवात करील. ती पाने सरळ उलटा आणि नेमक्या भूखंडाच्या क्रमांकावर या.

चतुःसीमा आजच्या नकाशावर

जुन्या हद्दी माणसांच्या नावांनी सांगितलेल्या असतात: पूर्वेला अमक्याच्या वारसांचे भाट, पश्चिमेला सार्वजनिक वाट. ती माणसे कधीच गेली. म्हणून शेजाऱ्याच्या जमिनीची देश्क्रिसांव काढा आणि तिथे तुमच्या बाजूची हद्द काय लिहिली आहे ते पाहा. तुमच्या कागदात पश्चिमेला तो आणि त्याच्या कागदात पूर्वेला तुमचे आजोबा, असे जुळले की दोन्ही जमिनी एकमेकींना टेकतात हे नक्की. न जुळल्यास मध्ये तिसरी जमीन आहे किंवा एक वर्णन जुने राहिले आहे.

मग आजचा सर्व्हे नकाशा आणि एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) घ्या. १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली झालेल्या मोजणीत एका जुन्या नोंदीचे अनेक सर्व्हे क्रमांक झाले, तर कधी अनेक जुन्या नोंदी एका क्रमांकात गेल्या. उताऱ्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, पण त्याने मालकी मिळत नाही. व्हाळ, गडगा, मानस (खाजनातले पाण्याचे दार), देऊळ, वाट अशा न हलणाऱ्या खुणा आधी नकाशावर बसवा आणि मग जागेवर जाऊन पाहा. पावसाळ्यात जावे, बुजलेला व्हाळ कुठून वाहत होता ते जुलैतले पाणी दाखवते.

निकालाकडे शेवटी

आता न्यायाधीश काय म्हणाले ते वाचा, त्याआधी नको. निकाल आधी वाचला की निवेदनांत आपल्याला हवे तेच दिसू लागते. १९३९ नंतरच्या फाईलमध्ये निकालाच्या अलीकडे ‘देश्पाशु सानेयादोर’ हा न्यायाधीशाचा आदेश असतो. त्यात ‘एश्पेसिफिकासांव’ म्हणजे वादात नसलेल्या गोष्टींची यादी आणि ‘केश्तियोनारियु’ म्हणजे सिद्ध व्हायच्या प्रश्नांची यादी. तुमचा तिसरा रकाना पहिल्या यादीशी ताडून पाहा. प्रश्नांना पुढे ‘सिद्ध’, ‘सिद्ध नाही’ अशी उत्तरे मिळतात. ‘सिद्ध नाही’ याचा अर्थ उलटे सिद्ध झाले असा होत नाही. ज्याच्यावर भार होता तो हरला, एवढाच.

निकालाखाली अपिलाची नोंद आहे का आणि निकाल अंतिम झाल्याचा शेरा आहे का ते पाहा. मग तो नोंदणीच्या पुस्तकात चढवला गेला का, तेही. पूर्वीचा निकाल त्याच पक्षकारांवर आणि त्यांच्याकडून हक्क मिळालेल्यांवर बंधनकारक ठरतो, तिऱ्हाइतावर नाही.

कागद खरा आहे ना?

हे सांगणे भाग आहे. जुने पोर्तुगीज कागद बनवून जमिनी लाटल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारने २०२२ मध्ये त्यासाठी विशेष तपास पथक नेमले. घरच्या ट्रंकेतल्या कागदाबद्दल संशय नसला तरी समोरून आलेला प्रत्येक कागद तपासा. गोव्यात १९५८ पर्यंत व्यवहार रुपया-तांग्यांत होता आणि १९५९ मध्ये एस्कुदो आला, तेव्हा १ रुपयाला ६ एस्कुदो धरले गेले. मग १९४५ च्या स्थानिक खरेदीखतात किंमत एस्कुदोत असली तर भुवया उंचवायला हव्यात. पोर्तुगीज शुद्धलेखन १९११ मध्ये बदलले. १८९० च्या कागदात सगळीकडे नवे शुद्धलेखन असेल तर तेही खटकले पाहिजे. त्या साली त्या गावासाठी तो नोटरी होता का, त्याच्या पुस्तकात त्याच पानावर तोच दस्तऐवज आहे का, त्या पानाची शिवण आणि शाई आजूबाजूच्या पानांसारखी आहे का, हे मूळ पुस्तक पाहूनच ठरते. फोटोकॉपीवर ठरत नाही. ३० वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला असेल तर कायदा त्याला सवलत देतो. म्हणून तो कोणाच्या ताब्यातून आला, हे आधी विचारा.

एवढे झाले की वकिलाकडे जाताना पूर्ण फाईलचे भाषांतर नको. वंशावळ, तीन रकान्यांचा तक्ता, हद्दींचा नकाशा आणि त्यांत उल्लेख आलेल्या पानांची यादी घेऊन जा. प्रमाणित भाषांतर फक्त त्या पानांचे करून घ्या, आणि प्रत्येक पानासोबत त्याच्या आधीचे व नंतरचे कलमही त्यात घालायला सांगा.